दुकान वाढलं, पण गिऱ्हाईक टिकलं का?



आज आपण सायकलच्या दुकानाबद्दल बोलणार आहोत. "आम्ही पापड लाटतो, मसाला कांडतो, ब्लाऊज शिवतो, आम्हाला सायकलच्या दुकानाशी काय करायचंय?" असं तुमच्यातली एखादी म्हणेल. पण जरा थांबा. हल्ली आम्ही ज्या ज्या गटाच्या बैठकीला जातो, तिथे एक विषय हमखास निघतो. धंदा बरा चाललाय, आता वाढवायचा. तालुक्याच्या गावी गाळा घ्यायचा, बँकेचं कर्ज काढायचं, दोन पोरी कामाला ठेवायच्या. वाढायला आमची ना नाही. उलट बाई धंद्यात पुढे गेली तर आम्हाला आनंदच आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कर्जाचा हप्ता दर महिन्याला ठरलेला असतो, गिऱ्हाईक ठरलेलं नसतं. आणि धंदा वाढवण्याच्या गडबडीत पहिल्यांदा हात सुटतो तो जुन्या गिऱ्हाइकाचाच.

हे असं का होतं आणि ते कसं टाळता येतं, हे समजून घ्यायला सायकलचं दुकान फार चांगलं आहे. सायकल आपल्या ओळखीची आहे. मानव विकास कार्यक्रमातून शाळेला जाणाऱ्या कितीतरी मुलींना सायकली मिळाल्या, तेव्हा आपल्या घरापुढेही एखादी उभी असेल. आणि दुसरं म्हणजे, सायकल विकली की व्यवहार संपत नाही. खरा संबंध तिथून पुढे सुरू होतो.

विकली म्हणजे सुटलो, असं नाही

शहरात आता नुसत्या सायकलींची मोठी दुकानं असतात. गेअरच्या, डोंगरात चालवायच्या, शर्यतीच्या, लहान मुलांच्या, अशा तऱ्हेतऱ्हेच्या सायकली तिथे मिळतात. किंमत काही हजारांपासून लाखाच्या पुढेही जाते. अशा दुकानात काम कसं चालतं ते बघू.

कंपनीकडून सायकल येते ती खोक्यात, अर्धवट जोडलेली. हँडल, पुढचं चाक, पायडल, सीट हे सगळं दुकानात जोडायचं. ब्रेक नीट आवळायचे, गेअर लावून बघायचे, चाक डुगडुगतं का ते फिरवून पाहायचं. म्हणजे कंपनी कितीही मोठी असली तरी ती सायकल सुरक्षित आहे की नाही, हे दुकानातल्या मिस्त्रीच्या हातावर ठरतं.

मग येतं माप. ब्लाऊजचं जसं माप असतं तसं सायकलीचंही असतं. उंच बाईला लहान सायकल दिली तर गुडघे दुखतात, बुटक्या मुलीला मोठी दिली तर ब्रेक मारताना पाय जमिनीला टेकत नाहीत. सीटची उंची बघायची एक सोपी रीत आहे. भिंतीला धरून सीटवर बसायचं, पायडल अगदी खाली न्यायचं आणि त्यावर टाच ठेवायची. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पायाचा चवडा पायडलवर आला की गुडघा थोडासा वाकतो, तेच बरोबर. घरी मुलीची सायकल असेल तर आज संध्याकाळी करून बघा.

तिसरी गोष्ट, पहिली सर्व्हिसिंग. नवी सायकल महिना-दीड महिना चालली की ब्रेकच्या आणि गेअरच्या वायरी बसतात, थोड्या सैल पडतात. चाकाच्या तारांचा ताण कमी-जास्त होतो. यात सायकल खराब निघाली असं काही नसतं, नव्या वस्तूचा तो धर्मच आहे. पण हे गिऱ्हाइकाला आधी सांगितलं नाही, तर ते म्हणतं, "महिन्यात ब्रेक ढिला झाला, फसवलं आपल्याला." आणि सांगितलं असेल तर तेच गिऱ्हाईक म्हणतं, "दुकानदार बोलला होता, चला दाखवून येऊ." सायकल तीच, ब्रेकही तोच. फरक पडला तो दोन वाक्यांनी.

मालकाच्या डोक्यातली वही

दुकान लहान असतं तेव्हा हे सगळं मालक स्वतः करतो. गिऱ्हाईक आलं की तो नावानं हाक मारतो. कुणाचा मुलगा कितवीत आहे, कुणाची मागची चेन कधी बदलली, कुणाचे पन्नास रुपये राहिलेत, सगळं त्याच्या डोक्यात. वही नाही, पावती नाही, तरी चुकत नाही. आपल्या गटातही असंच असतं ना? कुणाला मसाला तिखट लागतो, कुणाकडे लसूण चालत नाही, हे मसाल्याचं बघणाऱ्या ताईंना तोंडपाठ असतं.

मग दुकान वाढतं. दुसरी शाखा निघते, चार पोरं कामाला येतात. मालक आता बँकेत, गोदामात, हिशेबात अडकलेला. गल्ल्यावर नवा मुलगा. जुनं गिऱ्हाईक येतं आणि नवा मुलगा विचारतो, "नाव काय? सायकल कधी घेतली? पावती आहे का?" गिऱ्हाइकाला वाटतं, दहा वर्षं येतोय आपण आणि हे आपल्याला ओळखत नाहीत. मुलाचा दोष नाही. सगळी माहिती मालकाच्या डोक्यात होती, आणि मालक तर आता दुकानात नसतो.

कामातही तसंच होतं. एक साधं उदाहरण देतो. सायकलीच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उजवं पायडल नेहमीसारखं घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं आवळायचं, डावं त्याच्या उलट. जुन्या मिस्त्रीला हे झोपेतही माहीत असतं. नव्या पोराला कुणी सांगितलं नाही, तर तो पाना लावून जोर करतो, आटे खराब होतात आणि महिन्याभरात पायडल निखळून पडतं. पडणारी असते कुणाची तरी शाळेत जाणारी मुलगी. जे आपल्याला सहज येतं, ते दुसऱ्याला सांगावं लागतं हेच आपल्या लक्षात येत नाही. वाढणाऱ्या धंद्यात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

आणखी एक गोष्ट वाढते, ती म्हणजे वाट बघणं. आपल्याकडे जूनमध्ये शाळा उघडल्या की सायकलवाल्याकडे रांग लागते. थंड देशांत बर्फ वितळून वसंत ऋतू आला की लागते. दुकान लहान असताना मालक सांगायचा, "परवा या," आणि परवा द्यायचा. मोठ्या दुकानात पोरगा सांगतो, "दोन दिवसांनी या." दोन दिवसांनी गेलं तर सांगतो, "अजून झाली नाही." उशिराचा राग माणूस गिळतो. फुकटच्या हेलपाट्याचा राग विसरत नाही. आणि बहुतेक गिऱ्हाईक भांडत बसत नाही, गुपचूप दुसरीकडे जातं. आपल्याला ते कळतही नाही. गर्दी तर दिसत असते, पण त्यातली किती माणसं पुन्हा आलेली आणि किती पहिल्यांदाच आलेली, हे कुणी मोजत नाही.

सोळा वर्षांच्या मुलाचं दुकान

आता एका खऱ्या दुकानाची गोष्ट. अमेरिकेत कनेक्टिकट नावाचं राज्य आहे. तिथल्या ब्रॅनफर्ड या गावचं 'झेन्स सायकल्स' हे दुकान ग्राहकसेवेसाठी फार नावाजलं. ख्रिस झेन नावाचा मुलगा लहानपणी आईवडिलांच्या गॅरेजमध्ये शेजारपाजारच्या सायकली दुरुस्त करायचा. १९८१ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यानं बंद पडत आलेलं एक सायकलचं दुकान आजोबांकडून कर्ज घेऊन विकत घेतलं. तो शाळेत जायचा तेव्हा दुकान त्याची आई सांभाळायची. घरचं कर्ज, आईचा हातभार आणि शाळकरी मालक. आपल्या गटातल्या कितीतरी धंद्यांची सुरुवात अशीच असते.

मोठ्या दुकानांशी भावात स्पर्धा करणं त्याला परवडणारं नव्हतं. मग त्यानं सेवेचा रस्ता धरला. विकलेल्या सायकलीला मोफत सर्व्हिसिंग द्यायला सुरुवात केली. आधी ठरावीक मुदतीपुरतं, मग मुदत वाढवत वाढवत ते कायमचं केलं. सायकल तुमच्याकडे आहे तोवर सर्व्हिसिंग फुकट. शिवाय, विकत घेतल्यापासून ९० दिवसांत तीच सायकल दुसऱ्या दुकानात स्वस्त दिसली, तर फरकाचे पैसे परत. आणि आणखी एक रीत, एक डॉलरच्या आतला सुटा भाग हवा असेल तर पैसे घ्यायचेच नाहीत. एखादा नट, चेनची एखादी कडी, जा घेऊन. दुकानात मुलांना खेळायला जागा केली, मोठ्यांना बसून कॉफी प्यायची सोय केली.

तुम्ही म्हणाल, असं वाटत सुटलं तर दुकान चालेल कसं? त्याचं उत्तर झेन भाषणांत एका खेळानं द्यायचा. नाण्यांनी भरलेलं एक भांडं तो लोकांमध्ये फिरवायचा आणि सांगायचा, हवी तेवढी घ्या. लोक दोन-चार नाणी घेऊन भांडं पुढे सरकवायचे. कुणी ओंजळ भरून घेत नसे. म्हणजे समोरच्यानं मोकळ्या मनानं दिलं तर बहुतेक माणसं मर्यादा राखतात. हळदीकुंकवाला तिळगुळाचा डबा पुढे केला तर कुणी डबा पिशवीत ओतून घेतं का? तसंच हे.

पण नुसत्या चांगुलपणावर त्याचं दुकान उभं नव्हतं, मागे हिशेब होता. एक गिऱ्हाईक आयुष्यभर आपल्याकडेच आलं, तर ते एकूण किती रुपयांची खरेदी करेल? लहानपणीची तीनचाकी, मग मोठी सायकल, मग हेल्मेट, ट्यूब, टायर, पुढे त्याच्या मुलांच्या सायकली. झेननं हा आकडा १२,५०० डॉलर काढला. आता एक डॉलरच्या नटासाठी एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला कोण दुखवेल? आणि फुकट सर्व्हिसिंगला आलेलं गिऱ्हाईक दुकानात येतं, उभं राहतं, चार वस्तू बघतं. ते येत राहणं हीच कमाई.

दुकान वाढलं तेव्हाही त्यानं हाच धागा धरला. मोठमोठ्या कंपन्या आपल्या कामगारांना आणि ग्राहकांना बक्षीस म्हणून सायकली देतात, त्या पुरवायचं काम त्यानं घेतलं. त्यात त्याची सायकल पूर्ण जोडून, बसून चालवता येईल अशी पोहोचायची. खोकं घरी आलं आणि घरच्यांना पाना शोधावा लागला, असं नाही. २०११ साली त्यानं आपल्या अनुभवावर पुस्तकही लिहिलं.

या गोष्टीतून आम्ही एकच मुद्दा उचलतो. मालकाचा चांगुलपणा त्याच्या स्वभावात राहिला असता, तर दुसऱ्या काउंटरवर पोहोचलाच नसता. त्यानं त्याचा नियम केला. "डॉलरच्या आतलं असेल तर पैसे घेऊ नका," हे वाक्य कालच कामाला लागलेल्या पोरालाही कळतं. त्याला मालकाला फोन करून विचारावं लागत नाही.

आपला हिशेब

आता हे आपल्या मापात आणू. झेनचं सगळं जसंच्या तसं उचलू नका. मसाल्याला जन्मभराची हमी देता येत नाही, आणि जे झेपणार नाही ते कबूल करणं ही सेवा नव्हे.

समजा, एक घर आपल्याकडून महिन्याला २५० रुपयांचा मसाला नेतं. वर्षाचे झाले ३,००० रुपये. दहा वर्षं नेत राहिलं तर ३०,००० रुपये. पण ही झाली विक्री. फायदा वेगळा मोजायचा. शंभरामागे वीस रुपये सुटत असतील, तर दहा वर्षांचे ६,००० रुपये त्या एका घरातून आपल्याला मिळणार. आता एके दिवशी त्या घरची बाई पुडा घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, याला कुबट वास येतोय." तो पुडा बदलून द्यायला आपल्याला खर्च किती? २०० रुपये. एका पारड्यात २००, दुसऱ्यात ६,०००. शिवाय ती बाई पाणवठ्यावर, लग्नात, माहेरी जाऊन काय बोलेल, ते तर धरलंच नाही.

हा हिशेब गटाच्या बैठकीत फळ्यावर मांडा. आकडे तुमचे घ्या. कामाला ठेवलेल्या मुलींनाही त्या बैठकीत बसवा. पुडा का बदलून द्यायचा हे त्यांना कळलं, तर त्या तोंड वाकडं करून देणार नाहीत.

गाळा घेण्याआधी चार कामं

पहिलं, डोक्यातलं वहीत उतरवा. जी ताई गिऱ्हाईक सांभाळते, तिला आठवडाभर रोज अर्धा तास द्या आणि दुसरीनं लिहून घ्या. कोण काय नेतं, कुणाला काय चालत नाही, कुणाची उधारी किती. कामाचीही वही करा. भाजणी किती वेळ, मिरची किती वाळलेली, पुड्यावर तारीख कुठे. आपली डाव्या पायडलसारखी गोष्ट कोणती, ती नव्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगा.

दुसरं, दुरुस्तीला किंवा शिवायला आलेल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधा. चांगल्या सायकल दुकानात हँडलला चिठ्ठी असते. नाव, फोन, काय बिघडलंय, कधी देणार, अंदाजे किती पैसे. शिवणाच्या गटानं ब्लाऊजच्या कापडाला अशीच टाचावी. एक तुकडा गिऱ्हाइकाला, एक कापडाला. दिलेली तारीख पाळता येत नसेल, तर आदल्या दिवशी फोन करा. एका फोननं हेलपाटा वाचतो, राग वाचतो.

तिसरं, काउंटरवरच्या मुलीच्या हातात थोडा अधिकार द्या. "अमुक रुपयांपर्यंतची तक्रार असेल तर कुणाला न विचारता माल बदलून दे, आणि वहीत लिही." आकडा गटानं ठरवायचा. मुलगी दर वेळी "अध्यक्षताई आल्यावर या" म्हणत राहिली, तर ते दुकान मोठं झालंच नाही, नुसतं लांब गेलं.

चौथं, तक्रारवही ठेवा आणि महिन्याच्या बैठकीत ती बचतीच्या वहीबरोबर वाचा. एकच तक्रार तीनदा आली, तर चूक त्या मुलीची नाही, आपल्या पद्धतीची आहे. आणि जुनी दहा गिऱ्हाइकं गेल्या दोन महिन्यांत आली का, हे बघा. आली नसतील तर फोन करा, घरी जा, विचारा. भांडायला नाही, ऐकायला.

कायदाही लक्षात ठेवा

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही," असं कितीतरी पावत्यांवर छापलेलं असतं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा वेगळं सांगतो. माल सदोष निघाला, तर पावतीवर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, तो परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. हा कायदा आपल्या बाजूचा आहे तसाच आपल्याला लागूही आहे. मुलीची सायकल सदोष निघाली तर आपण १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करू शकतो. आणि आपला पापड सदोष निघाला तर आपलं गिऱ्हाईकही करू शकतं. तेव्हा बिल द्या, बिल घ्या, आणि आपल्या पुड्यावर स्वतःहून लिहा, "खराब निघाल्यास बदलून मिळेल." नुसतं लिहून भागत नाही, ते पाळायचं. पाळणार असाल तरच छापा.

गाळ्याचं भाडं, बँकेचा हप्ता, मुलींचा पगार, हे सगळं शेवटी एकाच खिशातून येतं, ते म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या. नवं गिऱ्हाईक पाटी बघून येतं, जुनं विश्वासानं येतं. येत्या बैठकीत कर्जाच्या अर्जाआधी एवढा एक प्रश्न चर्चेला घ्या : आपल्या ताई आठ दिवस आजारी पडल्या, तर आपलं गिऱ्हाईक तितक्याच समाधानानं घरी जाईल का? उत्तर 'हो' आलं, तर खुशाल गाळा बघायला निघा. 'नाही' आलं, तर आधी वही घ्या, मग गाळा.